आठ माणसं झाली की सुटेल

"काय उघडं आहे ते विचारू नकोस. किती माणसांवर उघडतं, ते विचार."

हे मला आमच्या तळमजल्यावरच्या आजोबांनी जिन्यात थांबवून सांगितलं होतं. आजोबांनी बस डेपोत पस्तीस वर्षं वेळापत्रकं केली. अजूनही इमारतीत पेपरवाला सात मिनिटं उशिरा आला, तर त्याची नोंद त्यांच्याकडे असते. मी म्हणाले, "आजोबा, गर्दी नसते म्हणूनच तर हिवाळ्यात चाललोय," आणि वर हसलेसुद्धा. ते हसू मला अजून आठवतं. बेटावर जाणाऱ्या लाँचच्या धक्क्यावर, कानात वारा शिरत असताना तर फारच आठवलं.

हंगाम नसताना फिरायला जावं, हे माझं मत आजही कायम आहे. खोली हवी ती मिळते, रांग नसते, फोटोत अनोळखी माणसाचं डोकं येत नाही. फक्त काही गोष्टी आधी कुणीतरी सांगायला हव्यात. मला सांगितल्या होत्या, तो भाग वेगळा.

सहलीचं मूळ एका अंगठ्यात होतं. आमची ठकू पावणेपाच वर्षांची, आणि तिचा उजवा अंगठा जन्मापासून तोंडात. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहत सांगितलं, की आता हे थांबायला हवं. डॉक्टर मुलांबद्दल बोलतात आणि बघतात आईकडे, हे मी नमूद करून ठेवते. मग मी कडू औषध लावून पाहिलं, तिला ते आवडलं. हातमोजा घालून पाहिला, तिने मोजा चोखला. शेवटी एकदा चित्रांच्या पुस्तकात दीपगृहातला दिवा निघाला. माणसापेक्षा उंच, काचेच्या कड्यांवर कडी रचलेला.

"हा खरा असतो?"

"असतो."

"मग बघायचा."

"चाळीस दिवस अंगठा तोंडात गेला नाही, तर बघायचा," मी म्हणाले. चाळीस हा आकडा मी न जमण्यासाठीच निवडला होता. ठकूने कॅलेंडरवर रोज एक फुली मारली. झोपेत अंगठा वर यायचा आणि हनुवटीपाशी थांबायचा. मी शेजारी जागी राहून ते बघायचे, कारण काळजी करायला मला शांतता लागते. चाळिसावी फुली मारून ती म्हणाली, "आता दिवा. नाहीतर मी अंगठा परत घेणार." जणू तो तिने माझ्याकडे ठेवायला दिला होता.

तर असा शब्द गेला होता. नवऱ्याने रजा काढली आणि बातमी इमारतभर झाली. समोरच्या काकू म्हणाल्या, थंडी कानातून शिरते. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई म्हणाल्या, छे, तळपायातून चढते. नणंद फोनवर म्हणाली, पाठीतून. मी तिन्ही वाटा बंद करायचं ठरवलं. प्रत्येकीने गरम पाण्याची एकेक पिशवीही पोचवली आणि आमची एक होतीच. निघताना ठकूच्या अंगात तीन स्वेटर होते. तिचे हात खाली येत नव्हते. अंगठा तोंडाजवळ नेणंही कठीण झालं होतं, हा फायदा मी नवऱ्याला दाखवून दिला.

संध्याकाळी आम्ही त्या समुद्राकाठच्या गावात उतरलो. परतीची बस एक दिवस सोडून सकाळी आठची, म्हणजे हातात मधला एकच दिवस. गाव असं होतं, की सगळ्या गावाने मिळून झोपायचं ठरवलं असावं. दुकानांना फळ्या, खुर्च्या टेबलांवर उलट्या. अतिथिगृहाच्या जेवणघरात मालकीणबाईंचे धुतलेले पडदे वाळत होते आणि आम्ही एका पडद्याआड बसून जेवलो. इथे एक सल्ला: हंगाम नसताना खोली निवडू नका, हीटर निवडा. आम्हाला समोर समुद्र दिसणारी खोली मिळत होती. मालकीणबाई म्हणाल्या, "घ्या की. पण हीटर तीन नंबरातलाच चालतो." तीन नंबरातून पाण्याची टाकी दिसायची. ती आम्ही आवडीने पाहिली.

सकाळी साडेदहाला धक्क्यावर पोचलो. बेट समोरच होतं, त्यावर पांढरं दीपगृह, एवढं जवळ की ठकूने हात हलवून दाखवला. तिकिटाच्या खिडकीत कानटोपी घातलेले एक काका बसले होते. धक्क्याच्या टोकाला गळ टाकून एक गृहस्थ आमच्याकडे पाठ करून बसले होते. बाकी कुणी नाही. मी नवऱ्याला म्हणाले, "बघ, रांग नाही."

"अकराची लाँच मिळेल ना, काका?"

कानटोपीकाकांनी मागे न बघता पेन्सिल मागच्या पाटीकडे केली. "आठ माणसं झाली की सुटेल."

"आणि नाही झाली तर?"

"तर दोनची."

"दोनलाही नाही झाली तर?"

"तर उद्या अकराची. रागावू नका, विचारलंत म्हणून सांगतो."

"याआधी कधी सुटली होती?"

त्यांनी रजिस्टर उलटं चाळलं. "अकरा दिवस झाले. चित्रं काढायला कॉलेजची पोरं आली होती."

नवरा पुढे झाला. "आम्ही आठ तिकिटं घेतो."

"तिकिटं आठ नाही चालत. माणसं आठ लागतात. माणसाशिवाय तिकीट फाडलं, तर तपासणीला उत्तर मी देतो. शिवाय लाँच हलकी पडली की वाऱ्यात डुलते."

माझा नवरा पुलांचे नकाशे काढणाऱ्या कचेरीत आहे. वजनाचं नाव निघालं की त्याला स्फुरण चढतं. "डुलण्याचाच प्रश्न असेल, तर वाळूची पोती ठेवता येतील. मी जागा काढून देतो."

"वाळू सही करते का रजिस्टरवर?" काकांनी विचारलं. नवराही कचेरीतलाच माणूस, त्याला मुद्दा पटला. मग काका ठकूकडे वाकले. "ही किती वर्षांची?"

"पाच," नवरा म्हणाला.

"पावणेपाच," ठकू म्हणाली. खरं बोलायला आम्हीच शिकवलं आहे.

"पाचाच्या आत अर्धं," काका म्हणाले. "म्हणजे तुम्ही अडीच."

मी एम.ए. आहे. आजवर मला कुणी अडीचात मोजलं नव्हतं.

ठकूने सगळं ऐकलं. तिने हातमोजा काढला आणि अंगठ्याकडे बघितलं. खूप दिवसांनी भेटलेल्या मैत्रिणीकडे बघावं तसं बघितलं. मी तो हात धरला आणि म्हणाले, "चल, माणसं आणू."

गर्दी टाळायला आलेली बाई गर्दी गोळा करायला निघाली. तळमजल्यावरच्या आजोबांनी मला पाहायला हवं होतं. नाही पाहिलं ते बरं झालं.

पहिल्यांदा गेलो ते मालकीणबाईंकडे. त्या पडद्यांच्या घड्या घालत होत्या. "बेटावर? मी? तीस वर्षांत दोनदा गेलेय. काय आहे तिथे?"

मी त्यांच्याच भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर दीपगृहाचं चित्र होतं आणि खाली ठळक अक्षरांत 'अवश्य पाहा'.

"ते पाहुण्यांसाठी हो," त्या म्हणाल्या. मग पाटीकडे बघून जरा ओशाळल्या, आणि शाल घेऊन निघाल्या. साडेतीन.

रस्त्यावर एकच दुकान उघडं होतं, न्हाव्याचं. तो एका गिऱ्हाइकाची दाढी करत होता. अर्धा गाल झालेला, अर्ध्यावर फेस. मी दारातूनच सगळं सांगितलं, अंगठ्यासकट. मला थोडक्यात सांगता येत नाही. न्हावी वस्तरा हवेत धरून ऐकत होता.

"मी आलो असतो ताई. पण गिऱ्हाईक आहे."

"मीही आलो असतो," गिऱ्हाईक फेसातून म्हणालं. "पण दाढी अर्धी आहे."

"उरलेली तिथे करा," मालकीणबाई म्हणाल्या. "बेटावर काय पाणी नाही?"

दोघांनी आरशातून एकमेकांकडे पाहिलं. न्हाव्याने वस्तरा रुमालात गुंडाळला. गिऱ्हाइकाने फेसावरच मफलर बांधला. साडेपाच. नवऱ्याच्या चेहऱ्यावर पूल उभा राहताना येतं तसं समाधान आलं.

अकराची वेळ टळून गेली होती, पण दोन वाजायला अवकाश होता. न्हाव्याच्या पलीकडे पोस्ट. तिथल्या टपालवाल्या ताई पत्रं लावायच्या, शिक्का मारायच्या आणि वाटायलाही त्याच जायच्या. बेटाचं नाव काढताच त्यांनी फळीवरून एक छोटं खोकं उचललं.

"हे बघा. नऊ दिवस पडून आहे. मावशींचा चष्मा."

दीपगृहातला दिवा आता जहाजांसाठी लागत नाही. तो नुसता बघण्यापुरता आहे, आणि तो सांभाळायला एक मावशी तिथे एकट्या राहतात. त्यांचा चष्मा पायरीवर पडून फुटला. नवा करून आला तो इथे, आणि लाँच सुटत नाही.

"सामानाची होडी जाते ना सोमवारी?" नवऱ्याने विचारलं.

"ती सामानाची. टपाल घेत नाही. खातं वेगळं आहे." ताईंनी हे इतकं सहज सांगितलं, की मलाही क्षणभर बरोबर वाटलं. "तब्येतीचं काही झालं तर लाल झेंडा लावायचा, मग एका माणसावरही लाँच सुटते. पण मावशी फोनवर म्हणतात, चष्म्यासाठी झेंडा लावणार नाही, आणीबाणीचा मान राहिला पाहिजे."

मला त्या मावशी न बघताच आवडल्या.

"मग तुम्ही चलाच."

"मी चालत नाही हो. मी टपालात मोजली जाते, प्रवाशांत नाही." ताईंनी थोडा विचार केला. मग एक कागद ओढून त्यावर अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज लिहिला, टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन तो वाचला, आणि मंजूर केला. खोकं त्यांनी सरकारी पिशवीतून काढून स्वतःच्या पर्समध्ये घातलं. साडेसहा.

धक्क्यावर परतलो तेव्हा पावणेदोन होत होते. आता राहिले ते गळवाले गृहस्थ. मी जवळ जाऊन खाकरले.

"मी फिरायला आलेलो नाही," ते समुद्राला म्हणाले.

"तुम्हाला मासा मिळाला का आजोबा?" ठकूने विचारलं.

"नाही."

"काल?"

"नाही."

"मग तिकडून टाकून बघा की," ठकू म्हणाली आणि बेटाकडे बोट केलं. गृहस्थांनी बराच वेळ बेटाकडे पाहिलं. वीस वर्षं ते रोज त्या बेटाकडे तोंड करून बसत होते, असं नंतर कळलं. त्यांनी गळ गुंडाळला.

"साडेसात," कानटोपीकाकांनी खिडकीतून मोजलं. पेन्सिलीने मोजलं, डोक्यांवर एकेक टिंब मारत. "अर्धं कमी आहे."

आता अर्धं माणूस आणायचं कुठून? गावातली मुलं शाळेत. न्हावी म्हणाला, माझं वजन दीड माणसाचं आहे. काका म्हणाले, सही एकच करणार ना. नवऱ्याने ठकूला उंच धरून दाखवलं. माझ्या डोक्यात तेवढ्यात येऊन गेलं, की ही तीन महिने आधी जन्मली असती तर काय बिघडलं असतं. स्वतःच्या मुलीबद्दल आईच्या मनात काय काय येतं, ते कुठे बोलायची सोय नाही.

ठकू खाली उतरली. खिडकीच्या कट्ट्याला पाठ लावून उभी राहिली. अंगठा वर निघाला. हनुवटी आली. चाळीस रात्री तो तिथेच थांबला होता. या वेळी थांबेल असं वाटेना.

काकांनी खिडकीतून वाकून ते पाहिलं. अंगठ्याची सगळी कथा तोवर धक्क्यावर तीनदा होऊन गेली होती. त्यांनी रजिस्टर पुढे सरकवलं.

"बाळ, सही येते?"

ठकूने मान हलवली, नाही.

"मग अंगठा. नियम आहे." त्यांनी शाईचा डबा उघडला, तिचा तो अंगठा धरला, शाईत टेकवला आणि रजिस्टरवर दाबला. निळाशार ठसा उठला. "आता हा सरकारी झाला. तोंडात घालायचा नाही."

ठकू अंगठा लांब धरून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर असा मान मी कधी पाहिला नव्हता. मी तर पदवीदान समारंभातही असं उभं राहिले नाही.

"पण काका, अर्धं..." मी म्हणाले.

"ठसा घेऊन लाँच सोडली नाही, तर तपासणीला काय सांगू?" काका म्हणाले. त्यांनी कानटोपी काढून खुंटीला अडकवली. ते मागच्या दाराने बाहेर आले आणि आमच्या मागे रांगेत उभे राहिले. मग पुढे जाऊन खिडकीवर टकटक केली, पुन्हा आत गेले, एक तिकीट फाडलं, बाहेर येऊन ते घेतलं. रजिस्टरवर एकदा 'तिकीट देणारा' म्हणून सही केली, एकदा 'प्रवासी' म्हणून. दोन सह्या जरा वेगळ्या काढल्या. "साडेआठ," ते म्हणाले. "अर्धं जास्तच." डोक्यावर टोपी नसलेले काका एकदम कुणाचे तरी मोठे भाऊ वाटले. मी एक गरम पाण्याची पिशवी त्यांच्या कानांसाठी दिली.

लाँचबद्दल सांगण्यासारखं फार नाही, कारण मी डोळे मिटले होते. ठकूच्या अंगात तीन स्वेटर आणि वर तरंगायचं जाकीट. जाकिटाचे बंद मी चार वेळा तपासले. मध्ये एकदा लाँच डुलली आणि शेजारून आवाज आला, "आई, बोट काढ."

डोळे उघडले. नख खात होते मी. साडेसात माणसं माझ्याकडे बघत होती. न्हावी म्हणाला, "ताई, तुम्हालाही शाईचा डबा देऊ का?" मालकीणबाई इतक्या हसल्या, की लाँच पुन्हा डुलली.

मावशी पायऱ्यांवर उभ्या होत्या. लाँचचा आवाज ऐकून त्यांनी निळा सरकारी कोट चढवला होता, बटणं एक घर चुकून. "किती जण? मला डोकी दिसतायत, चेहरे नाहीत."

टपालवाल्या ताईंनी पर्समधून खोकं काढलं. मावशींनी चष्मा लावला आणि एकेकाकडे पाहत गेल्या. "अगं बाई, तू जाड झालीस," मालकीणबाईंना म्हणाल्या. गिऱ्हाइकापाशी थांबल्या. "याची काच खराब आहे. मला अर्धीच दाढी दिसतेय."

ती तिथेच, पायरीवर बसवून पुरी झाली.

चष्म्याची डावी दांडी सैल होती. न्हाव्याने कात्रीच्या टोकाने कानामागचा स्क्रू आवळला आणि म्हणाला, मावशी, हा पुन्हा ढिला होणार, लक्ष ठेवा. मावशी म्हणाल्या, "चष्मा काढल्यावर मला स्क्रू दिसत नाही, आणि घातल्यावर तो कानामागे असतो."

मग दिवा. गोल जिना चढून वर गेलो आणि ठकूने श्वास आत घेतला तो सोडलाच नाही. काचेच्या कड्यांत सगळा समुद्र उलटा भरला होता. आकाश खाली, पाणी वर, धक्का छताला टांगलेला. चष्मा नसताना इतके दिवस मावशींनी ही काच हाताने चाचपून पुसली होती, रोज, कुणी येईल म्हणून. मधल्या भिंगातून त्या डब्यांवरची अक्षरं वाचायच्या, डबा उलटा धरून. त्यांच्या एवढं मोठं भिंग कुणाकडे नव्हतं, आणि चष्मा तेवढा नव्हता.

"आई, तू उलटी आहेस," ठकू म्हणाली. "हसतेस पण."

मावशींकडेही रजिस्टर होतं, तिथेही अंगठा झाला. आणि मी पाणी प्यायला वळले तेवढ्यात ठकूने तो ताजा निळा अंगठा काचेवर टेकवला. खालून तिसऱ्या कड्यावर, बरोबर मध्ये. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पदराशिवायच पदर शोधायला लागले, मग स्वेटरच्या बाहीने पुसायला धावले.

मावशींनी माझा हात धरला. चष्मा नीट बसवून त्यांनी तो ठसा जवळून पाहिला, मग चार पावलं मागे जाऊन पाहिला. "राहू दे. रेषान् रेष दिसतेय. उद्यापासून सकाळी हा दिसला की समजायचं, चष्मा जागेवर आहे."

पिशव्यांतलं पाणी अजून कोमट होतं. ते तापवून सगळ्यांनी मावशींच्या सहा कपांत पाळीपाळीने चहा घेतला. गळवाल्या गृहस्थांना बेटावरूनही मासा मिळाला नाही. पण परतताना ते धक्क्याकडे बघत म्हणाले, "इकडून आपली जागा छान दिसते." ऊन उतरायच्या आत आम्ही परत आलो. काकांनी कानटोपी घातली आणि खिडकी बंद केली.

शाई निघायला तीन दिवस लागले. तोवर अंगठ्याची ठकूला आठवण राहिली नव्हती. तळमजल्यावरच्या आजोबांना मी सगळं खरं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "साडेआठ? नियमात आठच होते ना?" आणि लिहून घेतलं.

या महिन्यात ठकू पाच वर्षांची झाली. आता आम्ही पुरे तीन आहोत, तरी पाच कमीच. म्हणून तुम्हाला सांगते. थंडीत, गाव फळ्या लावून बसलेलं असताना त्या बाजूला गेलात, तर न्हाव्याला आणि मालकीणबाईंना हाक मारा, ते येतात. खिडकीतल्या काकांना माझं नाव नको, अंगठा सांगा. आणि पलीकडे गेलात की वर चढून मावशींना खालून तिसऱ्या कड्यावरचा निळा ठसा दिसतो का, ते विचारा. दिसतो म्हणाल्या तर चहा घेऊन या. जरा थांबून म्हणाल्या, तर डाव्या कानामागे स्क्रू आहे, तेवढा आवळून या.